भागीरथाबाईनं दगड धुतला

...अन् जो एसटीतून उतरते तो मलेच इचारते, चंद्रभानभाऊ, तुमी होते ना घरी? होतो ना बापा! घरीच होतो, मी कुठं जाईन? आता तुमी अकोटाहून सकाळची गाडी धरून महालक्ष्म्याच्या जेवनाले आले, नवं धोतर नेसून आले, अन् पाहाता तं घराले कुलूप अन् खिडक्या साऱ्या उघड्या, मंग कोनीतरी दवाखान्याचा रस्ता दाखवला, अन् आता या लोखंडाच्या बाकावर माह्याजवळ बसा लागून राह्यलं, तं तुमी इचारानच! जानरावभाऊ तं माह्या बहिनीचे, भागीरथाबाईचे सख्खे दीर, त्याइचा पह्यला हक्क. तुमाले कळवलं काहून नाई? तिनंच नाई म्हनलं! तोंडाले ऑक्सिजन लावून राह्यले होते, तरी बोट हालवून म्हने, अकोटले सांगू नोका, जेवनारे कमी होतीन. फक्त योगेशले बोलावलं, तिच्या पोराले, तो आत बसला हाये. बसा, भेटाची वेळ चारची हाये. जेवनाची फिकर करू नोका, जेवन शेजारच्या माणिकबाईच्या घरी हाये, सोळा भाज्या हायेत, आंबील हाये, सारं हाये. कशी हाये म्हनता? सांगतो ना. तिच्यावरच येऊन राह्यलो. पन पह्यलेपासून सांगतल्याशिवाय तुमाले समजनार नाई, काहून का मले बी अजून पुरतं समजलं नाई.

आता तुमीच सांगा, बडनेऱ्यात समुद्र कायले पायजे मानसाले?

आमचा गजेंद्र, तुमी वळखता, रेल्वेत हाये, सिग्नलच्या कामात. पोरगा गुनाचा. दारू नाई, पत्ते नाई, सुपारीचं खांड नाई. मी मनात म्हनो, येवढ्या गुनाच्या मानसाले एखांदा तरी नाद असनच, अजून निंगाला नाई येवढंच. तं निंगाला. पुढच्या खोलीत, जिथं माह्यी खाट होती, तिथं काचेची पेटी आली, माह्या खाटेहून लांब. माह्यी खाट गेली खिडकीपाशी. पेटीत मासोळ्या असतीन म्हनलं, असतेत लोकाच्या घरी. पन गजेंद्र म्हने, बाबा, ही साधी पेटी नाई, हा समुद्र हाये. त्याचं मीठ येगळं, थैलीनं येते. पानी येगळं, यंत्रातून गाळलेलं. मंग ते मीठ त्या पान्यात मिसळवाचं, काचेच्या नळीत धरून उजेडाकडे पाहाचं, अन् मंग त्याले समुद्र म्हनाचं! मी म्हनलं, बापू, आपला अख्खा खारपानपट्टा हाये, अकोटापासून दर्यापुरापर्यंत विहिरी खाऱ्या, गुरं तोंड लावत नाई त्या पान्याले, सांगतं का दोन ड्रम आनून देऊ? तो म्हने, बाबा, ते खारं येगळं अन् हे खारं येगळं.

मी म्हनलं, असन बापा.

अन् उन्हाळा? आपल्याइथं सेहेचाळीस होते, सत्तेचाळीस होते, कावळा झाडावर तोंड उघडं टाकून बसते. पन त्या पान्याले म्हने सव्वीसच्या वर गरमी चालत नाई! तं त्याच्यासाठी थंडाईचं यंत्र आलं. लाईन गेली का इन्व्हर्टर चालू होते, बरोबर हाये, पन कायच्यावर? पंख्यावर नाई. समुद्रावर. मी खाटेवर पुठ्ठ्यानं हवा घेऊन राह्यलो, अन् माह्यासमोर, हे इतक्यावर, मासोळ्या थंड्या पान्यात शेपटी हालवून राह्यल्या. गजेंद्र म्हने, बाबा, तुमाले गरमीची सवय हाये, त्याइले नाई. आता याच्यावर मानसानं काय म्हनाव? मी म्हनलं, असन बापा.

हो हो, तिच्यावरच येऊन राह्यलो जानरावभाऊ. तुमी पानी प्या.

तं त्या पान्यात दगड, अन् त्या दगडावर फुलं. आता मी फुलाचा मानूस! पातूरले मळा होता, झेंडू केला, शेवंती केली, वांगे, भेंडी, सांभार, सारी जिंदगी हात मातीत. मले वाटलं, चला, या घरात कोनी तरी वळखीचं दिसलं. म्हनलं, बापू, हे फूल कोनतं? तं म्हने, बाबा, हे फूल नाई, जनावर हाये. कोरल म्हनतेत याले. याले तोंड हाये, पोट हाये, हे खाते. आता जनावर म्हंजे कसं असते? बैल असते, बकरी असते, हाक मारली तं मान वळवते. मी दोनचारदा हाक मारून पाह्यली, घरी कोनी नाई असं पाहून. काई नाई! पन पोरगा शिकेल हाये, आपुन गुराच्या मांगं शिकलो. मी म्हनलं, असन बापा.

आता ऐका, इथून कामाची गोष्ट हाये. मुंबईहून त्यानं एक कोरल मांगवलं, थर्माकोलच्या डब्यात, नवऱ्या मुलीवानी झाकून पाकून आलं. त्याच्यासंगं, त्याच दगडाले चिकटून, एक दुसरं आलं, न मांगता. भुरं, मंधात हिरवं, कोटाच्या गुंडीयेवढं. अन् ते वाढलं! बियान्यासंगं वावरात गाजरगवत येते ना, तसं. सहा महिन्यात निम्मा समुद्र त्यानं घेतला, अन् चांगल्या चांगल्या कोरलाच्या अंगावर चढलं. गजेंद्र रोज पाहे अन् उसासे टाके. मले तं निंदनाची सवय, तन दिसलं का माह्ये हात वळवळ करतेत. एक दिवस बाही वर सारली, खुरपं नोयतं तं चमचा घेतला, म्हनलं पोराचं काम हलकं करू, अन् बोटं पान्यात घालनार तं मांगून आवाज, "बाबा! हात लावू नका!" लहानपनी मळ्यात त्याच्या पायावरून साप गेला होता, तवाबी असा वरडला नाई.

मंग त्यानं मले खाली बसवलं अन् सांगतलं. त्या गुंडीत जहर हाये. साधं नाई, जगात जेवढे वाईट जहर हायेत त्याइच्या पंगतीत पुढं बसनारं. हाताले चिरा असन अन् तिथून गेलं तं आंग दुखते, डोळ्यात उडालं तं डोळ्याचं काई खरं नाई, अन् हवेतून छातीत गेलं तं... तिथं तो थांबला. मी म्हनलं, मंग बापू, हे घरात कायले ठेवलं? तो म्हने, बाबा, नियम पाळले तं काईच होत नाई, पान्यात आपल्या जागी हाये तवरक ते गरीब हाये. अन् नियम तो पाळे, खोटं कायले बोलू! कोपरापर्यंत रबराचे हातमोजे, डोळ्याले मोठा चष्मा, अंगात येगळा सदरा, खिडकी उघडी, बालटी येगळी, चिमटा येगळा, घरातलं भांडं नाई, अन् झाल्यावर साबन लावून हात धुवाचे दोनदा. मोटरसायकलवर हेल्मेट घालत नाई तो मानूस, पन मासोळ्याइजवळ जाताना चष्मा!

तुमी हसता, पन मी हसलो नाई. जहराचं मले नवल नाई. तुमाले पुंजाजी आठवते? आमच्या वावराच्या धुऱ्याले धुरा होता त्याचा. वांग्यावर अळी पडली, भर दुपारी पंप पाठीवर घेतला, उघडं तोंड, उलटा वारा. मी धुऱ्यावरून म्हनलं, पुंजाजी, वारा पाठीवर घे, तोंडाले दुपट्टा बांध. तो म्हने, काई होत नाई. अन् संध्याकाळी माह्याजवळ येऊन बसला, म्हने, चंद्रभान, तोंडात तांब्याचा पैसा धरल्यावानी लागून राह्यलं, ओठाले मुंग्या येऊन राह्यल्या. आठ दिवस दवाखान्यात होता. वाचला, पन तवापासून वांग्याची भाजी खात नाई. तं मले समजते. पन ते फवारनीचं जहर वास तरी मारते, सांगून येते. हे गुंडीवानी बसलं हाये, दिवानखान्यात, लाईट लावून!

तं गजेंद्रनं नियम कागदावर लिहून काचेले चिकटवले. मले वाचता येत नाई. म्हनून पोरानं माह्यासाठी खास चितरं काढली. तीन. एक हात, त्याच्यावर फुली. एक नाक, त्याच्यावर फुली. अन् एक किटली, चायची किटली, तिच्यावर फुली. म्हने, बाबा, समजलं ना? आता तो ड्यूटीवर निंगाला होता, डबा हातात, बूट पायात. मी चितरं पाह्यली. हात म्हंजे हात लावू नोका, ते समजलं. नाक म्हंजे वास घेऊ नोका, तेबी समजलं. अन् किटली म्हंजे इथं चाय पेऊ नोका. काहून का मांगच्याच हप्त्यात मी चायचा कप त्या पेटीवर ठेवला होता, तं कपाचा गोल उमटला, अन् सून बोलली होती, मामाजी, कप तिथं नका ठेवू. जुळते का नाई? बरोबर जुळते! मले वाटलं, पोरगं बी काय हाये, येवढ्यासाठी चितर काढलं. पन इचारलं नाई. म्हनलं, समजलं.

असन बापा म्हनालेबी टाइम नोयता त्याच्याजवळ.

दोन वर्सं मी त्या पेटीजवळ चाय पेलो नाई. खिडकीत बसून पेलो.

आता येतो तुमच्या वहिनीवर. महालक्ष्म्या आल्या का भागीरथाबाई चार दिवस आधी येते, हे ठरलेलं. आमची बुढी, गजेंद्रची माय, होती तवाबी येत होती, बुढी गेल्यावर तं तिच्याशिवाय महालक्ष्म्या उभ्याच राहात नाई. अन् ती आली का घर घासते. तुमच्याच घरची हाये, तुमाले मी काय सांगू? लग्नात हात धुवाले गेली तं लोकाचं बेसिन घासून आली. आमचे भाटवे वारले, तुमचेच भाऊ, सारे रडून राह्यले, अन् ही पदरानं त्याइच्या चष्म्याच्या काचा पुसून राह्यली, म्हने, असे मळकट घेऊन जातीन का ते! तिचा जीवच तसा हाये. कोनी म्हनते हे दुखनं हाये. मी म्हनतो माया हाये, फक्त हाताले राख लागेल हाये.

अन् मी तिच्यासमोर बोलत नाई. ती माह्याहून आठ वर्सानं मोठी. मायनं मले तिच्याच कडेवर देल्लं होतं. सत्तर वर्सं झाले, ती सांगते, मी ऐकतो. चंद्या, हे उचल. उचललं. चंद्या, ते ठेव. ठेवलं. चंद्या, तुले अक्कल नाई. असन बापा.

तं परवाची गोष्ट. दुसऱ्या दिवशी महालक्ष्म्या यायच्या. गजेंद्रनं आदल्या दिवशी तो गाजरगवताचा दगड, सारा गुंड्याइनं भरलेला, मोजे चष्मा घालून हळूच पान्याखालीच झाकनाच्या बालटीत घेतला, अन् बालटी मांगच्या मोरीत ठेवली. म्हने, पाहुने गेले का सुट्टीच्या दिवशी गच्चीवर नेतो, ब्लिचिंगच्या पान्यात मारतो, तवरक कोनी हात लावू नका. बालटीलेबी तीच तीन चितरं चिकटवली. अन् सकाळी ड्यूटीचा फोन आला, गेला. सून गीतांजली महालक्ष्म्याचे लुगडे अन् हार आनाले अमरावतीले गेली. घरात मी अन् बाई.

दहा वाजले असतीन. मी सांभाराची हिरवी जुडी निवडत बसलो होतो. मोरीतून आवाज, "काय रे चंद्या! हे काय सडवून ठेवलं बालटीत?"

म्हनलं, बाई, ते गजेंद्रचं हाये. हात लावू नोको म्हने.

"उद्या माह्यी लक्षुमी येनार, अन् घरात हा घानेरडा गोटा? वास तं पाय याचा!"

म्हनलं, वासबी घेऊ नोको म्हने. चितर हाये पाय.

आली बाहेर, हातात झाकन. "हात लावाचा नाई, वास घ्याचा नाई. अन् हे किटलीचं काय?"

अन् जानरावभाऊ, मी, या तोंडानं सांगतलं, "तिथं चाय पेयाची नाई."

"मी चाय थोडीच करून राह्यली!" म्हने. अन् गेली.

आता तिचा बी काय कसूर सांगा? तिनं नियम तंतोतंत पाळला! हात लावला नाई, सांडशीनं धरला. वास घेतला नाई, नाकाले पदर लावला. चाय पेली नाई. फक्त गॅसवर गंजभर पानी खदखदा उकळलं, दगड मोरीत ठेवला, वरून ते आधन ओतलं, अन् तारेच्या काथ्यानं घासाले बसली. दुधाची चरवी अशी निंगते, तुपाचा गंज असा निंगते, तं गोटा काहून निंगनार नाई? आमच्या मायनं आमाले हेच शिकवलं, निंगत नसन तं आधन टाका. अन् मोरी तं तुमी पाह्यली, एक मानूस बसला तं दुसऱ्याले कूस बदलाले जागा नाई, वर वीतभर झरोका. साऱ्या मोरीत वाफ. मी इथून सांभार निवडता निवडता म्हनलं, निंगून राह्यलं का बाई? ती म्हने, निंगते कसं नाई!

पाव घंटा झाला असन. बाहेर आली, खोकलली. पानी पेली. पुन्हा खोकलली. पिढ्यावर बसली अन् म्हने, "चंद्या, तुमच्या नळाचं पानी कसं हाये रे? तोंडात पैसा धरल्यावानी लागते." अन् बोटानं ओठ चोळाले लागली. "मुंग्या आल्यावानी होऊन राह्यलं," म्हने. अन् उठली. म्हने, मांगची बाजू राह्यली, तेवढी घासून येतो. अन् गेली बी आत!

माह्या हातात सांभाराची जुडी. अन् मले पुंजाजी दिसला. धुऱ्यावर बसेल. पैसा... मुंग्या... म्हनलं, हिनं तं कायच्यावर फवारनी केली नाई! हिनं फक्त पानी... अन् मंग, तुमाले सांगतो, मी तिथून त्या पेटीवरच्या चितराकडे पाह्यलं. किटलीच्या तोंडातून पोरानं तीन वाकड्या रेघा काढल्या होत्या. दोन वर्सं रोज पाहून राह्यलो होतो मी त्या रेघा! चायच्या नोयत्या त्या. वाफेच्या होत्या.

मी उठलो. माह्ये गुडघे तुमाले माहीत हायेत, मले उठाले भिंत लागते. परवा भिंत लागली नाई. दुपट्टा तोंडाले बांधला, श्वास धरला, मोरीच्या दारात गेलो अन् म्हनलं, "बाई, बाहेर निंग!"

ती खाली मान घालून घासून राह्यली. "थांब, झालंच."

"निंग म्हनलं ना!"

तिनं मान वर केली. मोरीत वाफ, डोळे लाल, अन् मले म्हनते कशी, "तू कोनाले बोलून राह्यला रे?"

जानरावभाऊ, माह्या तोंडात ते आलं होतं, असन बापा, जिभेवर होतं. गिळलं. तिच्या दंडाले धरलं अन् वढलं. ती सांडशी सोडाले तयार नाई, दरवाज्याले पाय लावते, म्हने लाज नाई वाटत, मोठ्या बहिनीवर हात टाकतं! म्हनलं, चूप! बाई, चूप बस! सत्तर वर्सात पह्यल्यांदा. मोरीचं दार लावलं, पुढचं दार उघडलं, तिले अंगनात आनून मोकळ्या हवेत बसवलं. 

फोनवर गजेंद्रचा फोटू हाये, तो दाबला का त्याले लागते. म्हनलं, बापू, आत्यानं तुह्या दगडावर आधन टाकलं अन् घासला.   तो हळूच म्हने, "बाबा, दोघंही घराबाहेर हाये ना?" हाव म्हनलं. "पुन्हा आत जाऊ नका. कोनालेच जाऊ देऊ नका. आत्याचं लुगडं बदलवा, साबनानं हात तोंड धुवा, अन् आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्या. मी निघालो." त्यानं वरडाले पायजे होतं. वरडलाच नाई. मले तेच भेव वाटलं.

माणिकबाई आमची शेजारीन, तिनं आपलं लुगडं देल्लं, अन् तिच्याच पोरानं ऑटो आनला. ऑटोत बाईले धाप लागली, थंडी वाजे, भर भादव्यात दातावर दात. अन् तरी म्हने, माणिकबाईच्या लुगड्याले नीट इस्तरी नाई.

इथं आलो तं डॉक्टर नवा, पोरगाच हाये, पन भला. म्हने, बाबा, काय चावलं? म्हनलं, काई नाई. काय खाल्लं? काई नाई. फवारनी केली? नाई. मंग काय केलं? म्हनलं, दगड धुतला. त्यानं बाईकडे पाह्यलं, मंग माह्याकडे पाह्यलं, अन् नर्सले म्हने, दोघाइचंही बीपी घ्या. म्हनलं, डॉक्टरसाहेब, दगडावर जनावर होतं, समुद्राचं. तो म्हने, कुठून आले तुमी? म्हनलं, बडनेऱ्याहून. तो म्हने, बडनेऱ्यात समुद्र? म्हनलं, हाये ना, पुढच्या खोलीत!

आता त्या लेकराचा बी काय दोष. तो म्हने, आजोबा, घाबरू नका, सनावाराच्या सफाईची धूळ गेली असन छातीत, दम्यावानी हाये, वाफारा देतो अन् घरी न्या. अन् किती गोड बोलला! असा गोड बोलनारा मानूस समोर असला का मी कवा नाई म्हनलं नाई. तोंड उघडलं. अन् म्हनलं, नाई. म्हनलं, साहेब, मले लिहिता वाचता येत नाई, मी अडानी हाव, पन हे जहर हाये, माह्या डोळ्यानं पाह्यलं हाये, हिले घरी नेनार नाई, तुमी माह्या पोराशी बोला. अन् फोन त्याच्या कानाले लावला. गजेंद्रनं त्या जहराचं नाव सांगतलं, इंग्रजीत हाये, लांबचलांब. डॉक्टरनं तीनदा इचारलं, कागदावर लिहिलं, मोबाईलमंधी पाह्यलं, अन् मंग तो उभाच राह्यला. मंग धावपळ. ऑक्सिजन, छातीच्या पट्ट्या, टीव्हीवर हिरवी रेघ. मोठ्या डॉक्टरले फोन. ते आले अन् म्हने, याच्यावर उतारा नाई, श्वास अन् काळीज सांभाळा लागते, जसं चालते तसं पाहाचं. मलेबी एक दिवस बाजूच्या खाटेवर झोपवलं, काहून का मी वाफेत गेलो होतो. ही हाताले पट्टी सलाईनच्या सुईची हाये, काई नाई मले. खोकला येते थोडासा.

तिकडे गजेंद्र घरी गेला, तोंडाले तो मोठा फिल्टरचा मास्क, मोजे, चष्मा, शेजारचे म्हने पुन्हा कोरोना आला का! साऱ्या खिडक्या उघडल्या, दगड ब्लिचिंगच्या बालटीत बुडवून गच्चीवर ठेवला, मोरीत ब्लिचिंग ओतलं, तो गंज, ती सांडशी, तो काथ्या बांधून येगळा ठेवला. म्हने, चार दिवस या घरात सैपाक नाई. अन् महालक्ष्म्या? त्या तं यायच्याच. म्हनलं, मंग माणिकबाईच्या ओसरीत बसवू. गीतांजली म्हने, मामाजी, आपल्या महालक्ष्म्या लोकाच्या ओसरीत? आत्याबाईले काय वाटन? म्हनलं, सूनबाई, हवा मोकळी हाये ना, मंग बसव. दोन दिवसात तीन मानसाले नाई म्हनलो मी, माह्या जबड्याले सवय नाई, दुखून राह्यला.

काल दिवसभर त्या हिरव्या रेघेकडे पाहात बसलो. मोठे डॉक्टर येत, पाहात, अन् जात. गजेंद्र कोपऱ्यात उभा, तोंडावर रक्त नाई. म्हने, बाबा, मी किटली काहून काढली, सरळ वाफ काढाची होती. म्हनलं, वाफ कशी काढतं तू, तिले आंग कुठं असते? म्हने, बाबा, मी सारा समुद्र विकतो.  मले वाटे, पोरानं पाटी लावली, मी ती वाचली नाई, अन् इचारलंबी नाई. शिकलो नाई ते ठीक हाये, पन इचाराले कोनती शाळा लागते?

मंग आज सकाळी मोठ्या डॉक्टरनं रेघ पाह्यली, छातीवर नळी ठेवली, अन् पह्यल्यांदा खुर्ची वढून बसले. म्हने, आता भेव नाई, चार दिवस ठेवू. गीतांजली रडाले लागली. तेवढ्यात बाईनं डोळे उघडले. हात वर केला, बोटं हालवून जवळ बोलावलं. आमी सारे धावलो, मी, गजेंद्र, गीतांजली, योगेश. नर्स म्हने, पानी पायजे असन. योगेश म्हने, नाई, आईले काई सांगाचं हाये. गजेंद्रनं तिचे पाय धरले, म्हने, आत्या, माफ कर, तू म्हनशीन ते करतो. तिनं मान हालवली, तोंडावरचा मास्क दोन बोटानं बाजूले सारला. साऱ्याइनं कान पुढं केले. खोल गेलेला आवाज, येकयेक शब्द सुटा, पन नीट ऐकू आला, साऱ्या वॉर्डाले ऐकू आला. म्हने,

"गजेंद्र... त्या दगडाची... मांगची बाजू राह्यली रे... घासाची."

 मास्क जरासा सरकला होता, तो मी नीट बसवून देल्ला.